सुकलाल आबा आणि मुका टीव्ही

सुकलाल आबा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करतात आणि मग टीव्हीशी भांडतात.

पडद्यावर एखादा मंत्री हात नाचवत असतो, त्याचा एक शब्दही खोलीत येत नसतो, आणि आबा पलंगावर मांडी घालून त्याला उत्तरं देत असतात. खोटं. हेही खोटं. हे जरा बरं बोललास, पण तुला कोणीतरी शिकवून पाठवलंय. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा म्हटलं, आबा, आवाज तरी लावा, माणसाचं ऐकून तरी घ्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आवाज भाडाना शे. तोंड देख, तोंड."

आवाज भाड्याचा असतो. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी पत्रकात छापलं. माझं कामच ते आहे. गोडादराच्या आमच्या पट्ट्यात नळाला पाणी आलं नाही, मिलचा धूर घरात शिरला, की मी पत्रक काढते, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत, आणि कोपऱ्यावरच्या ओट्यावर उभी राहून भोंग्यातून बोलते. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. न भांडणाऱ्यांच्या नळाला कुठे पाणी येतं?

आमच्या गल्लीत निम्मी घरं धुळे-नंदुरबारकडून या गुजराती मुलखात आलेली आणि बहुतेक म्हातारे मिलमधल्या लूमच्या, म्हणजे मागांच्या, खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर मशीनच्या खडखडाटात राहिलेली ही माणसं साधं "चहा दे" सुद्धा असं म्हणतात की पलीकडच्या गल्लीतली बाई आधण ठेवेल. टीव्ही तर विचारू नका. संध्याकाळी एका घरात सासू-सून, दुसऱ्या घरात क्रिकेट, तिसऱ्यात कीर्तन, सगळं एकाच वेळी सगळ्यांना ऐकू येतं. त्यात आबांचं घर तेवढं शांत. त्यामुळे गल्लीत असं ठरून गेलं होतं की आबांचे कान फार नाजूक आहेत, त्यांना गोंगाट सोसत नाही. माझे वडील कौतुकाने सांगायचे, आम्ही एकाच खात्यात राबलो, पण कान शाबूत ठेवून बाहेर पडला तो एक सुकलाल.

नाजूकपणाचे बाकीचे प्रकारही होते. मागून हाक मारली तर आबा ओ देत नाहीत. ज्याला काम आहे त्याने पुढे यावं. फोन घेत नाहीत. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं? त्यांचा मुलगा जितू हजीऱ्याला कंपनीत आहे आणि तिकडेच राहतो. तो व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आबा अर्ध्या मिनिटात फोन माझ्या हातात देतात. "कपाळ दाखवतो. कपाळाशी काय बोलू? तूच बोल."

आणि माझ्या प्रत्येक सभेला ते येतात. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलून आणतात, पहिल्या रांगेत, माझ्यापासून दोन हातांवर मांडतात, शेवटपर्यंत बसतात आणि जाताना दर वेळी एकच शेरा देतात: "भोंगा खाली ठेव." मला राग यायचा. मी त्यांना ऐकवायचे की आबा, गरिबाचा आवाज आधीच कोणाला ऐकू जात नाही, भोंगा हे आपलं हत्यार आहे. ते मान डोलवायचे आणि पुढच्या सभेला पुन्हा तेच.

तर आता डब्याबद्दल.

आमच्या केबलवाल्याने एक दिवस घरोघरी निरोप पाठवला की जुनी लाइन बंद होणार, आता प्रत्येकाने इंटरनेटवर चालणारा डबा घ्यायचा, आणि तोही त्याच्याकडूनच. मी भांडायला गेले तर म्हणाला, "बेन, जमानो बदलाई गयो छे." जमाना बदलला असेल, पण तो कोणाच्या घरात कसा शिरणार हे केबलवाला ठरवणार का? जो डबा आपण बघतो आणि जो डबा आपल्यालाही बघतो, कोण काय बघतं, किती बघतं याची नोंद ठेवतो, तो नाकारायचा हक्क आम्हाला नाही का? मी पत्रक काढलं: डबा हवा की नको, आम्ही ठरवू. गल्लीने पत्रक वाचलं, वा म्हटलं, आणि पंधरवड्यात सगळ्यांनी डबा घेतला. माझ्या वडिलांनीसुद्धा. क्रिकेट होतं म्हणे.

उरले एकटे आबा.

त्यांची मागणी फार साधी होती. सिनेमा नको, मालिका नको, कीर्तन नको. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या दिसल्या पाहिजेत. त्या बातम्या देणारी निवेदिका, जिला ते ताई म्हणतात, सातला समोर आली पाहिजे. सातच्या आधी आबा तोंड धुतात आणि इस्त्रीचा शर्ट घालतात. मी एकदा हसले तर म्हणाले, बाई समोर येऊन बसते, आपण बनियनवर बसायचं? ताईने नमस्कार म्हटलं की आबा हात जोडतात. गल्लीतल्या बायका त्यावरून त्यांना चिडवतात. आबांना त्याचं काही नाही.

जितूला हे कळलं तेव्हा एका रविवारी तो स्वतःच चांगल्यातला डबा घेऊन आला. जोडला, वडिलांना खूश करायला एक मारधाडीचा सिनेमा लावला. मी शेजारी बसले होते. आबा पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, हा माणूस बोलतो काय ते कळत नाही. जितू म्हणाला, हिंदी आहे, पप्पा. आबा म्हणाले, हिंदी नाही. जितूने आवाज वाढवला, बघा, चक्क हिंदी आहे. आबा म्हणाले, "तुला फसवलंय. तोंड देख, तोंड." मी नीट बघितलं. सिनेमा दक्षिणेकडचा होता, हिंदी वरून चिकटवलेली. जितू वैतागून गुजरातीत पुटपुटला आणि मोबाइलमध्ये मान घालून बसला.

तसाच चालू राहिलेला सिनेमा बऱ्याच वेळाने आपोआप थांबला आणि पडद्यावर अक्षरं आली: तुम्ही अजून बघताय का?

आबा उठून उभे राहिले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगासमोर, त्यांनी डब्याला उत्तर दिलं, "देखी ऱ्हायनू. तू कोन इचारनारा?" आणि वायर ओढली. मी बघतोय की नाही हे विचारायला हा काय माझा सासरा लागून गेला? डबा खोक्यात गेला, खोका कपाटावर गेला, त्यावर टॉवेल पांघरला गेला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. जितूने वाजवल्या नाहीत.

मग पर्याय शोधणं आलं, आणि ते मी अंगावर घेतलं, कारण नुसतं नको म्हणून चळवळ होत नाही. टीव्हीच्या मागे खोचायची ती छोटी कांडी मी मागून आणली. आबांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि डब्याचं पिल्लू म्हणून परत दिली. मग मी माझा लॅपटॉप नेला, वायर जोडली, नेटवरून सातच्या बातम्या लावल्या. ताई आली, नमस्कार म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिथेच अडकली. तिच्या बरोबर ओठांवर ते गोल चाक फिरायला लागलं. आबा हात जोडून थांबले. खूप वेळ थांबले. शेवटी म्हणाले, बाईचं तोंड उघडं टाकून हे कुठे गेले?

दरम्यान केबलवाल्याने लाइन कापली. त्यानंतरच्या संध्याकाळी मी आबांकडे गेले, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून बंद टीव्हीसमोर बसले होते. सात वाजत होते. माझं डोकं फिरलं. एका म्हाताऱ्याला एक बातमीपत्र बघायचं आहे. एवढी साधी गोष्ट या शहरात अवघड कोणी करून ठेवली?

उपाय गच्चीवर होता. महिन्याचं भाडं नसलेली, सरकारी वाहिन्या फुकट दाखवणारी डिशची छत्री. तिच्यासोबत एक साधी पेटी येते, पण न इंटरनेट, न नोंद, न कोणी विचारणारा. मी कामरेजहून भावेश नावाचा छत्री बसवणारा बोलावला. तो खालून वर जाईपर्यंत केबलवाला हजर. तोंडात मावा भरलेला, आणि त्या माव्याआडून तो आबांना काहीतरी दम देत होता. गच्चीवरून माझ्या वायरी गेल्यात, इथे छत्री चालणार नाही, असं मला ऐकू आलं. सगळी गल्ली दारात आली. आबा त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आधी थुंकून ये. मग बोल."

गल्ली हसली. तो थुंकायला गेला आणि परत आला नाही. माझ्या एकाही पत्रकाने जे केलं नव्हतं ते त्या एका वाक्याने केलं. मी मनात म्हटलं, याला म्हणतात बाणेदारपणा.

आता छत्री कशी बसवतात ते तुम्हाला माहीत आहे. एक जण वर छत्री फिरवतो, एक जण खाली टीव्हीसमोर बसून ओरडतो, आलं, गेलं, थोडं डावीकडे. टीव्हीसमोर आबा होते. मी जिन्यात. भावेश वरून ओरडायचा, काका, आव्युं? मी जिन्यातून ओरडायचे, आबा, आलं का? खालून उत्तर नाही. पुन्हा ओरडायचे. उत्तर नाही. मी धावत खाली जाऊन बघायचे, तर आबा पडद्याकडे बघत बसलेले. आलं होतं का, विचारलं तर म्हणायचे, आलं होतं की, मघाशीच गेलं. मग ओरडला का नाहीत? तर म्हणे, तू विचारलंस कुठे?

असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी भावेश घामाघूम होऊन खाली आला, म्हणाला, बेन, काका रहेवा दो. त्याने रिमोट घेतला आणि आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवला. म्हणजे वाहिनी लागली की त्याला वर गच्चीवर थेट ऐकू येणार, मधल्या माणसाची गरज नाही. तो वर गेला. मी आबांच्या मागे उभी राहिले. पडद्यावर नुसतं 'सिग्नल नाही'.

आणि सात वाजता ताई आली.

नमस्कार. खिडकीच्या काचा थरथरल्या. मांडणीवरचं पातेलं वाजलं. मी दोन्ही हातांनी कान दाबले. समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं, बायका पदर सावरत बाहेर धावल्या, वरून भावेश आनंदाने ओरडला. इतक्या मोठ्या आवाजात आमच्या गल्लीतही कधी कोणी बोललं नव्हतं.

आबांची पापणी हलली नाही.

ते हात जोडून, जरासे पुढे झुकून, ताईच्या ओठांकडे बघत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. एवढ्या दिवसांनी भेटलीस, असं काहीतरी हळूच तिला म्हणाले.

मी रिमोट उचलला नाही. मी त्यांच्या आणि टीव्हीच्या मधोमध जाऊन उभी राहिले, आणि घशातून अजिबात आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हटलं: आबा, आवाज फार मोठा आहे.

"मग कमी कर ना," आबा म्हणाले.

म्हणाले आणि थांबले. मला कळलंय, हे कळलं त्यांना. मी आवाज बंद केला. बाहेर बायका विचारत होत्या, काय झालं, आबांच्या नाजूक कानांना त्रास तर नाही ना? मी दार लोटून घेतलं.

खात्यात मशीन चालू असताना कारीगर एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात, आवाज न काढता. हे मला माझ्या वडिलांमुळे लहानपणापासून माहीत होतं. तळहात उलटसुलट फिरवला की चालू दे. मूठ मिटली की बंद कर. ती भाषा खात्याच्या दारात संपते, असं मला वाटायचं. आबांनी ती घरी आणली होती, कारण त्यांच्याकडे दुसरी उरली नव्हती.

ते हळू बोलले. ऐकू येत नाही म्हटलं की लोक बोलणंच सोडतात, मान फिरवतात, आपसात हसतात. नाजूक म्हटलं की निदान समोर येऊन बोलतात. "नखरेवाला म्हणू दे. बहिरा नको." मावशी, म्हणजे आबांची बायको, होती तोवर चाललं. ती समोर बसून साड्यांचे सुटे धागे कापायची आणि बोलायची. ती गेली. जितू बोलतो, पण मोबाइलकडे बघून, आणि अर्धं गुजराती. नातवंडांचं तर ओठांवर काही धरताच येत नाही. आता आपल्या भाषेत, सरळ तोंडाकडे बघत, मान न वळवता अर्धा तास बोलणारी टीव्हीतली ताई एकच.

मी विचारलं, हे लिहू का? आबा म्हणाले, लिही, गल्लीत गोष्टी कोण वाचतं? तरीही मी नाव बदललंय.

त्या आठवड्यात मी नवीन पत्रक लिहायला घेतलं. डब्यावर नव्हे. कान नेणाऱ्या मशीनवर, आणि निवृत्त होताना पितळी समई देऊन बोळवण करणाऱ्या मालकांवर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात तिखट पत्रक आहे ते. सभेच्या दिवशी आबा खुर्ची घेऊन आले, दोन हातांवर मांडली. मी सवयीने भोंगा उचलला, तोंडाशी नेला, आणि खाली ओट्यावर ठेवला.

मग मी त्यांच्याकडे बघून बोलले. सावकाश, शब्द न गिळता, आपल्या बोलीत.

मागच्या रांगा चिडल्या. मोठ्याने बोल, ऐकू येत नाही, असा ओरडा सुरू झाला. आबांनी मागे वळूनही बघितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडावरची नजर न हलवता एक हात वर केला आणि तळहात उलटसुलट फिरवला.