अप्पांचे मैल

युरोपला जायचं हे सानिकाने लग्नाच्या आधीच ठरवलं होतं. लग्न कोणाशी करायचं हे ठरण्याच्याही थोडं आधी. रत्नागिरीतल्या एका शाळेत ती नऊ वर्षं भूगोल शिकवत होती. ऱ्हाईन नदी कुठे उगम पावते, आल्प्सच्या कोणत्या उतारावर द्राक्षं पिकतात, भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यातच का पडतो, हे तिने आजवर निदान हजारभर मुलांकडून घोकून घेतलं होतं. स्वतः मात्र ती पश्चिमेला भाट्याच्या समुद्रात गुडघाभर पाण्यापर्यंतच गेली होती.

समर्थ मयेकरचं मिरकरवाड्यात होड्यांच्या इंजिनांचं वर्कशॉप होतं. लग्नाची बोलणी चालू असताना तिने त्याला स्पष्ट विचारलं होतं, "हनिमूनला युरोप चालेल?" तो म्हणाला होता, "जाऊ की." लग्न मे महिन्यात झालं. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे गावातली झाडून सगळी इंजिनं समर्थच्या दारात. तेव्हा हनिमून ऑक्टोबरवर गेला. मग सानिकाने विमानाच्या तिकिटांचे दर पाहिले आणि तो त्याहून पुढे जातो की काय अशी तिला धास्ती वाटली. तिच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट होते, पण त्यात एक तर हँडबॅग येत होती, नाहीतर मुंबई-नागपूर एकेरी तिकीट.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी ती सासऱ्यांच्या लोखंडी कपाटात घरपट्टीची पावती शोधत होती. पावती सापडली नाही. जुन्या डायरीच्या पाकिटातून एक निळं प्लास्टिकचं कार्ड मात्र खाली पडलं. त्यावर विमान होतं, बारा आकडी नंबर होता आणि महिपत मयेकर हे नाव होतं.

महिपत, म्हणजे घरादाराचे अप्पा, एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर होते; चीफ इंजिनियर होऊन तीन वर्षांपूर्वी घरी बसले होते. बोट जिथे लागलेली असेल तिथे कंपनी त्यांना विमानाने पाठवायची आणि सहा-आठ महिन्यांनी विमानानेच परत आणायची.

"अप्पा, हे काय आहे?"

"ते होय. विमान कंपनीचं. काउंटरवर दाखवा म्हणायचे, मी दाखवायचो."

"कशासाठी?"

"म्हणायचे म्हणून."

"अप्पा, यात तुमचे मैल जमले असतील. जेवढा विमानप्रवास केलात त्याचे. त्या मैलांवर फुकट तिकीट मिळतं."

अप्पांनी चष्मा वर केला. "सागरी मैल की जमिनीवरचे? सागरी असले तर आकडा कमी भरेल. मैल मोठा असतो तो."

त्यांच्या जुन्या मेलमध्ये विमान कंपनीची चौदा पत्रं न उघडता पडलेली होती. सगळ्यांत मजकूर एकच: आपले मैल एकतीस ऑगस्टला रद्द होतील, त्याआधी वापरा. त्या दिवशी तेवीस तारीख होती.

खातं उघडायला पासवर्ड लागत होता आणि तो अप्पांना अर्थातच आठवत नव्हता. नवा पासवर्ड करायचा तर ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार होता अप्पांच्या जुन्या नंबरवर. रिटायर झाल्यावर तो फोन त्यांनी सिमसकट मालगुंडच्या बागेवर राखण करणाऱ्या बाबल्याला देऊन टाकला होता. बाबल्या साठीचा होता, कानाने तिखट होता. पण बागेत रेंज अशी की झाडावर चढावं तेव्हा एक दांडी दिसायची.

समर्थने फोन लावला. "बाबल्या, तुझ्या फोनवर आता एक मेसेज येईल. त्यात सहा आकडे असतील. ते वाच."

"आला," बाबल्या म्हणाला. "दोनशे नव्व्याण्णव. अठ्ठावीस दिवस."

"तो रिचार्जचा. दुसरा बघ."

"दुसरा बघायचा तर फोन ठेवायला लागंल."

त्याने फोन ठेवला आणि रेंज गेली. पाच मिनिटांची मुदत संपली. दुसऱ्या वेळी त्याने आकडे बरोबर वाचले, पण ते पहिल्या वेळचे. तिसऱ्या वेळी पाचच आकडे ऐकू आले, सहाव्यावर बागेमागच्या उघड्या सड्यावरचा वारा बसला. चोवीस तास खातं बंद राहील असं कंपनीने कळवलं.

सोमवारी सानिका शाळेत गेली ती अशा चेहऱ्याने, की पहिल्या तासाच्या आधीच राजश्रीने विचारलं, "काय गं, गुड न्यूज?" राजश्री शेजारीच राहायची आणि पाचवीला मराठी शिकवायची. सानिकाने तिला फक्त 'युरोप' एवढंच सांगितलं, तेही हळू आवाजात. मधल्या सुट्टीपर्यंत मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून तिचं अभिनंदन केलं आणि आठवीच्या वर्गासाठी बर्फाच्छादित शिखरांचे फोटो आणायला सांगितलं. शाळा सुटेपर्यंत चॉकलेटं कोणाला कोणती हवीत याची यादी झाली होती. सानिकाने ती मनापासून घेतली. एका शंभर पानी वहीत तिने बारा दिवसांचा सगळा कार्यक्रम कधीचाच लिहून ठेवला होता, गाड्यांच्या वेळांसकट. यादी तिने त्याच वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली.

दुपारी समर्थ वर्कशॉप बंद करून मोटारसायकलने मालगुंडला गेला. बाबल्याला मागे बसवून त्याने सड्यावर नेलं. तिथे एका हातात बाबल्याचा फोन आणि दुसऱ्या हातात स्वतःचा, अशा अवस्थेत त्याने सहा आकडे रत्नागिरीला पोचवले. डोक्यावर छत्री बाबल्याने धरली होती. ती वाऱ्याने दोनदा उलटी झाली.

इकडे सानिका लॅपटॉपसमोर, अप्पा तिच्या खांद्यामागे आणि सासूबाई यमुनाबाई जमिनीवर बसून वालाचं बिरडं सोलत होत्या. आकडे बसले. खातं उघडलं नाही; एक प्रश्न उघडला. तुमच्या सर्वांत आवडत्या व्यक्तीचं नाव काय? तीनच वेळा उत्तर देता येईल.

"लिही, यमुना," अप्पा लगेच म्हणाले.

उत्तर चूक होतं.

"यमुनाबाई लिही."

तेही चूक होतं. यमुनाबाईंचा सोलता हात थांबला.

"आठवा नीट," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत बोटी बऱ्याच बंदरांना लागल्या तुमच्या."

अप्पांचे कान लाल झाले. मग त्यांनी सानिकाला जरा बाजूला सरकवलं आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःच टाइप केलं. दमयंती. खातं उघडलं.

सानिकाने अत्यंत जपून विचारलं, "दमयंती कोण?"

"मी," यमुनाबाई बिरड्याकडे बघत म्हणाल्या. "लग्नाआधीची."

"मग अप्पा, नाव बदललंत कशाला?"

"मी कुठे बदललं. माझ्या आईने बदललं. आमची आत्या पण दमयंती. हाक मारली की दोघी यायच्या." एवढं बोलून अप्पा पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

खात्यावर दोन लाख चौदा हजार तीनशे साठ मैल होते. मुंबई ते पॅरिस जाऊन-येऊन दोन तिकिटं होऊन वर उरत होते. सानिकाने बारा ऑक्टोबर जायला आणि चोवीस यायला अशा तारखा टाकल्या. जागा होत्या. खिडकीजवळच्याही होत्या. तिने सासूबाईंना बसल्या जागी मिठी मारली, त्यात बिरड्याचं ताट उलटलं आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

पुढच्या पानावर प्रवासी निवडायचे होते. यादीत दोनच नावं होती: महिपत मयेकर आणि यमुना महिपत मयेकर. सानिकाने 'नवीन नाव' असं लिहिलेल्या ठिकाणी स्वतःचं आणि समर्थचं नाव भरलं. कंपनीने ते आनंदाने स्वीकारलं. कुटुंबातलं नवीन माणूस नोंदवल्यापासून नव्वद दिवसांनी त्याच्यासाठी मैल वापरता येतील, असंही खाली लिहिलं.

तिने तो नियम तीनदा वाचला. मग कंपनीला फोन केला. पलीकडची बाई फार गोड होती.

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"पण मैल सात दिवसांनी रद्द होणार आहेत."

"हो मॅडम, म्हणून आम्ही आधीपासून मेल पाठवतो."

समर्थ चिंब भिजून घरी आला तेव्हा बायको ओटीवर एकटी बसलेली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोकं पुसलं आणि म्हणाला, "पूर्वी लग्नात बायकोचं नाव बदलायचे ते बरं होतं. तुझं यमुना ठेवून टाकलं असतं."

"आणि तुझं?"

"माझं महिपत. एका घरात दोन खपून गेले असते."

सानिकाला हसू आलं नाही. शाळेत उद्या काय सांगायचं, वहीचं काय करायचं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. टेबलावर सासूसासऱ्यांचे पासपोर्ट पडले होते, नंबर ताडून बघायला अप्पांनी काढलेले. ते कपाटात ठेवायचे म्हणून ती उठली. अप्पांचा शिक्क्यांनी इतका भरलेला की पान पांढरं दिसत नव्हतं. दुसरा उघडला, तर कोरा.

"आई, याच्यावर एकही शिक्का नाही."

"कसा असेल," यमुनाबाई सांडलेलं बिरडं निवडत म्हणाल्या. "कंपनी बायकांना बोटीवर न्यायला द्यायची, म्हणून काढला होता. एकदा ठरलं तर समर्थची दहावी आली. मग सासूबाई आजारी पडल्या. मग हेच म्हणायचे, पुढच्या खेपेला नेतो, तेवढ्यासाठी मुदत संपली की नवा काढायचा. पुढची खेप रिटायरमेंटची निघाली."

बाजारात आज कोणता मासा मिळाला नाही हे जितक्या सहज सांगावं, तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं. खरं बोलायचं तर सानिकाला आधी माया वाटली नाही, चीडच आली. पॅरिस तिचं होतं, नऊ वर्षं तिने ते फळ्यावर काढलं होतं. पण तो कोरा पासपोर्ट हातातून खाली ठेववेना. मग तिने लॅपटॉप ओढला.

"आई, खिडकीजवळची जागा हवी ना?"

"अगो, काहीतरीच काय. सून घरात आणि सासू हनिमूनला? लोक हसतील. आणि यांनी तिकडचं सगळं बघितलंय. मला सांगतीलच की."

अप्पा खाकरले. "मी तसं काही बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"रॉटरडॅमला क्रेन बघितल्या. मार्सेयलाही क्रेन होत्या. अँटवर्पला जरा मोठ्या होत्या. विमानतळावरून गाडीत बसायचं, गाडीतून बोटीत. शहर काचेतून जायचं."

"आणि पॅरिसचा तो मनोरा? संध्याकाळी दिवे लागतात, खाली माणसं गाणी म्हणत बसतात. तीन पानं पत्र लिहिलं होतंत."

"कॅप्टनच्या केबिनमध्ये कॅलेंडर होतं," अप्पा म्हणाले.

यमुनाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पदराला हात पुसले. "सानिका, कर गो बुकिंग. यांना तो मनोरा मीच दाखवते."

पुढचे सात आठवडे घर अंगात आल्यासारखं वागत होतं. सानिकाने वहीतल्या कार्यक्रमातून आल्प्सची चढण काढली आणि त्या जागी बाकं घातली. यमुनाबाई रोज दुपारी तिच्यासमोर बसून स्टेशनांची नावं पाठ करायच्या आणि चुकल्या तर सानिका त्यांच्याकडून पाच वेळा म्हणवून घ्यायची. व्हिसासाठी सगळे मुंबईला गेले. भाजी चिरून चिरून यमुनाबाईंच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात, तेव्हा तिथल्या माणसाने त्यांना क्रीम लावायला दिलं. राहण्या-खाण्याचा खर्च अप्पांनी निमूटपणे अंगावर घेतला. राजश्रीने कुंपणावरून विचारलंच, "सानिका, हनिमून कोणाचा आणि निघालं कोण गं?" त्यावर यमुनाबाईच म्हणाल्या, "तुझी चॉकलेटं साधी की बदामाची, तेवढं सांग." दोघं एकदाची विमानात बसली तेव्हा मुंबईच्या विमानतळावर सानिका इतकी नाचली, की शेजारच्या माणसाला वाटलं तीच निघाली आहे.

रत्नागिरीला परत आल्यावर तिला आणि समर्थला एक गोष्ट नव्याने कळली. घरात कोणी नव्हतं.

लग्न झाल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. अप्पा बोटीवरच्या सवयीने पाचला उठून घरभर खिडक्या उघडत. यमुनाबाई नऊला दिवे मालवत. आता दोघं आठला उठू लागली. समर्थ वर्कशॉपमधून दुपारी जेवायला म्हणून यायचा, तो परत जायचंच विसरायचा. सानिका स्वयंपाकघरात मोठ्याने गायची. एका संध्याकाळी त्यांनी गच्चीत बसून सहाच वाजता जेवण उरकलं आणि साडेनऊला पुन्हा जेवली, कारण विचारणारं कोणी नव्हतं.

सातव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. यमुनाबाई स्वित्झर्लंडमधल्या एका सरोवरात बोटीवर होत्या. स्वेटर, त्यावर शाल, डोळ्यांवर काळा चष्मा. मागे अप्पा इंजिनरूमचं दार शोधत फिरत होते.

"सानिका, काय सांगू तुला, डोळे दिपतात," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण तुमच्या जागेवर येऊन बसलोय असं वाटतं बघ. तुम्ही दोघंच तिकडे घरात अडकून पडलात. आता पुष्कळ झालं. तिकीट अलीकडे घेता येतं का बघ. परवा निघतो आम्ही."

सानिकाने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून समर्थ दिसत होता; तिची ओढणी कमरेला गुंडाळून तो सुरमई तळत होता. मैलांच्या तिकिटाचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते. तारीख कितीही वेळा आणि काहीही न देता बदलता येते, हा सतरावा होता.

"आई, तारीख बदलायला मैल लागतात," ती वर्गात बोलते तशी स्वच्छ आवाजात म्हणाली, "आणि आपले मैल संपले."

"अगो बाई. मग आता?"

"आता काय. चोवीस तारखेपर्यंत काढा कसेबसे."

फोन बंद झाल्यावर समर्थने आतून विचारलं, "खरंच मैल लागतात?"

"सुरमई करपेल," सानिका म्हणाली. "उलट ती."