गादीवर मोजलेला स्कर्ट

मोजमापात आपला हात धरणारा देवासात अजून जन्मायचा आहे, असं धीरज मोहिते छातीठोकपणे सांगत असे. आणि का सांगू नये? गिअरच्या कारखान्यात तो तपासनीस होता. केसाएवढी चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. शिवाय त्याचे पणजोबा देवासच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या राजघराण्याच्या, दरबाराचे अंगरखे शिवत! त्यामुळे लेकीच्या, अपेक्षाच्या, शाळेचा स्कर्ट म्हणजे त्याला किस झाड की पत्ती!

अपेक्षा कॉन्व्हेंटमध्ये आठवीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गिलक्याच्या वेलासारखी वाढली आणि स्कर्ट मात्र होता तिथेच राहिला. त्यातच क्रीडादिनाच्या संचलनात झेंडा घेऊन सर्वांत पुढे चालायला तिची निवड झाली. घरात पेढे वाटून झाले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, सिस्टर प्रिन्सिपल आधी स्कर्ट बघणार. गुडघे टेकून बसायचं आणि स्कर्टची कड जमिनीला लागली पाहिजे. नाही लागली तर झेंडा दुसरीला."

"हात्तिच्या!" धीरजनं शिलाई मशीनवरची चादर काढली.

त्यानं दुमड उसवली, कड खाली घेतली, टीप मारली. चाचणीच्या वेळी अपेक्षाची आई अंकिता म्हणाली, "फरशीवर नको, पोरीचे गुडघे सोलवटतील. गादीवर बसव."

अपेक्षा गादीवर बसली. कड टेकली. "पास!" धीरज गरजला.

दुसऱ्या दिवशी तिघं प्रिन्सिपल सिस्टर अ‍ॅग्नेसच्या ऑफिसात. अपेक्षानं फरशीवर गुडघे टेकले आणि कड चांगली दोन बोटं अधांतरी! गादी दबते, फरशी दबत नाही. गिअर तपासणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं, पण गिअर कुणी गादीवर ठेवून मोजत नाही.

"पापा, ये छोटा है," सिस्टर म्हणाल्या.

धीरजचा पारा चढला. माळव्यात मराठी माणसाला एक मोठी सोय असते. दुकानात भाव पटला नाही, की दुकानदाराच्या तोंडावर हसत हसत मराठीत त्याचा उद्धार करता येतो. धीरज तसाच गोड हसला आणि अंकिताला म्हणाला, "या बाईला कपड्यातलं काय कळतंय! जन्मभर एकच झगा. आणि उभी बघ कशी, फूटपट्टी गिळल्यासारखी!"

"अहो, हळू!"

"अगं, केरळकडची असणार ती. तिला काय समजतंय!"

"कुछ कहा आपने?" सिस्टरनी विचारलं.

"जी, आपकी तारीफ़ कर रहे थे!" धीरजनं ठोकून दिलं.

"अच्छा," सिस्टर म्हणाल्या. "कल ग्राउंड पर ठीक करके भेजिए."

धीरज थेट उमाशंकरच्या कापडदुकानात. "भिया, इसी रंग का टुकड़ा दो. बड़ा देना!" आता जमिनीला नुसतं टेकायचंच नव्हतं, जमीन झाडून काढायची होती! शिवाय आपल्याकडे मुलीचं शिवायचं ते वाढत्या अंगाचं. धीरजनं जोड लावला तो असा, की अपेक्षा थेट बारावीपर्यंत वाढली असती तरी चाललं असतं. सकाळी घालून बघायला वेळच उरला नाही.

क्रीडादिनाच्या मैदानात ढोल वाजला. अपेक्षानं झेंडा उचलला, पहिलं पाऊल टाकलं आणि स्कर्टमध्ये पाय अडकून धाडकन आपटली! झेंडा तेवढा तिनं वर धरला होता. मुली खिदळल्या. सिस्टर अ‍ॅग्नेस तरातरा आल्या आणि तिला दंडाला धरून शामियान्यामागे घेऊन गेल्या.

"गेला झेंडा!" धीरज प्रेक्षकांपुढची दोरी ओलांडून धावला. "सिस्टरजी, प्लीज़! गलती मेरी है, लड़की को मत—"

तो थबकला. सिस्टर धुळीत गुडघे टेकून बसल्या होत्या. तोंडात पिना होत्या. स्कर्टचा घोळ त्यांनी अपेक्षाच्या पायांमधून मागे ओढला होता.

"पाय फाकव, बाळ. आता कमरेत खोच. घट्ट! हां, झाला कासोटा."

धीरज पुटपुटला, "आपको... मराठी?"

"माझी आजी वसईची. असंच लुगडं नेसून भाताच्या खाचरात उतरायची. गुडघा झाकलेला आणि पाय मोकळा!" सिस्टर कण्हत उठल्या. "आणि भाऊ, फूटपट्टी नाही गिळलेली. मणक्याचा पट्टा आहे."

धरणी दुभंगली असती तर धीरज आनंदानं आत गेला असता. पण ढोल पुन्हा वाजला आणि अपेक्षा निघाली! मान ताठ, कासोटा कसलेला, झेंडा आभाळात. खिदळणाऱ्या मुली गप्प झाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. "आमची आहे! ती पुढची, आमची!" अंकिता शेजारच्या अनोळखी बाईला गदागदा हलवून सांगत होती. धीरजच्या शर्टाचं वरचं बटण तुटायचंच बाकी होतं.

संचलन संपल्यावर तो सिस्टरपुढे हात जोडून उभा राहिला. माफी मागायची ती पणजोबांना शोभेल अशा मराठीत, असं त्यानं ठरवलं होतं.

"सिस्टर, आमच्या हातून जो... प्रमाद... मतलब, जो गलती झाली, उसके लिए आम्ही... क्षमा..."

सिस्टरनी त्याला मध्येच थांबवलं. "अपेक्षाला मराठी वाचता येतं?"

"थोडं थोडं."

"आणि तुम्हाला?"

धीरज शामियान्याच्या खांबाचं बारकाईनं निरीक्षण करू लागला.

"रविवारी प्रार्थनेनंतर मी मुलींना मराठी वाचायला शिकवते. तिला पाठवा."

"आणि यांना?" अंकितानं विचारलं.

सिस्टरनी धीरजकडे नखशिखान्त पाहिलं.

"मागचा बाक रिकामा आहे."