मधली गाडी

गुनवोरआत्याची सत्तरी होती, आणि आदल्याच दिवशी सासरेबुवांची गाडी दुरुस्तीला गेली. "बाबा आपल्याच गाडीतून येतील," असं बायकोनं, तूवानं, सहज सांगितलं आणि हेनिंगनं लगेच बसचं वेळापत्रक शोधायला घेतलं.

हेनिंग एस्टरसुंद गावात दातांच्या कवळ्या बनवायचा. निरुपद्रवी माणूस. कुणालाही दुखवणं त्याला जमत नसे. याच स्वभावापायी त्यानं नव्या गाडीबद्दल घरातल्या दोन माणसांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या.

बायकोला सांगितलं होतं, ही वॅगन आहे, म्हणजे लांबट, बुटकी घरगुती गाडी. तूवा शाळेत व्यायाम शिकवायची आणि शाळेच्या दारात उंच, धिप्पाड गाड्या आणणाऱ्या पालकांशी तिनं उभा दावा मांडला होता. "त्या गाडीत बसलेल्याला समोरचं पोरसुद्धा दिसत नाही!" असं ती पालकसभेत टेबलावर हात आपटून सांगे. सासऱ्यांना सांगितलं होतं, ही जीप आहे. कारण सासऱ्यांच्या, म्हणजे सिक्स्टेनच्या मते वॅगन म्हणजे "कुत्रं आणि किराणा वाहायचा डबा", आणि तसल्या डब्यातून येणाऱ्याला त्यांच्या शिकारीच्या टोळीत जागा नव्हती. यंदा जावयाला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं.

खरं काय ते विकणाऱ्यानं सांगितलं होतं. "क्रॉसओव्हर हो! म्हणजे वॅगनच, पण टाचा उंचावून उभी राहिलेली." त्या वाक्याचा अर्धा तुकडा हेनिंगनं बायकोला दिला होता आणि अर्धा सासऱ्याला.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. गाडीचा विषय निघू नये म्हणून अर्धा रस्ता हेनिंगनं बर्फ, हेरिंग मासे आणि आत्याचे गुडघे यांवर बोलत काढला. मग तूवा म्हणाली, "शी! गाडी बघ जरा. रस्त्यावरच्या मिठानं पांढरीफटक झालीय. पंपावर धुऊन घे."

"उद्या मी हातानं धुतो ना."

"या थंडीत? बोटं गळून पडतील तुझी. वळव गाडी."

धुण्याच्या मशीनपुढे बोटानं दाबायचा एक काचेचा पडदा होता आणि त्यावर दोन गाड्यांची चित्रं. हेनिंगनं काच खाली केली आणि कोपर असं पसरलं, की आतल्यांना चित्रं दिसू नयेत. पण मशीनला तोंडही होतं. एक गोड बाई चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपली गाडी वॅगन आहे की उंच गाडी? कृपया निवडा."

"दाब ना वॅगन," तूवा म्हणाली.

मागच्या सीटवरून खोकल्याचा आवाज आला. "वॅगन? वॅगन कशाला? जीप आहे ही."

"बाबा, जीप मी दारात उभीसुद्धा करू देणार नाही. हो ना रे, हेनिंग?"

"जावईबापू, मी काय म्हणतोय?"

हेनिंगनं बोट एका चित्राकडे नेलं, मग दुसऱ्याकडे. गोड बाई म्हणाली, "कृपया निवडा." मागच्या गाडीनं हॉर्न दिला. त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला, डोळे मिटले आणि पडद्यावर सबंध पंजा मारला.

"धन्यवाद," बाई म्हणाली. हेनिंगनं काच वर केली, गाडी आत गेली आणि मागे दार धाडकन खाली आलं.

"काय दाबलंस?" दोघांनी एकदम विचारलं.

"मला... दिसलं नाही."

फेस आला. आधी पुढची काच त्यात बुडाली, मग बाजूच्या, मग छताची. आत दिवसाढवळ्या अंधार झाला. वरचा आडवा ब्रश घरघरत खाली येऊ लागला. छताच्या काचेवर टेकला. थांबेल असं वाटलं, पण थांबला नाही. गाडी खाली दबली, हलली, कुठंतरी कर्रर्र असा आवाज झाला, दिवे गेले आणि सगळं ठप्प झालं.

तिघांनी डोकी खांद्यांत ओढून घेतली.

"काच तडकली," तूवा पुटपुटली. "हेनिंग, माझ्या डोक्यावरच आहे रे तो."

मागून एक बारीक आवाज आला. "दार उघडा कुणीतरी." एकदा अस्वलाच्या पुढ्यात न डगमगता उभं राहिल्याचं सगळ्यांना सांगणारे सिक्स्टेन ते हेच, यावर हेनिंगचा विश्वास बसेना. म्हाताऱ्यानं मागून त्याची कॉलर गच्च धरली होती.

एवढ्यात बाहेरच्या स्पीकरमधून खरखरता आवाज आला. पंपावरची मुलगी असावी. "हॅलो? आत आहात ना? गाडी कोणती आहे? वॅगन की उंच?"

"उंच!" तूवा किंचाळली. "उंच म्हटलं तरच ती ब्रश वर घेईल! जीप आहे म्हणावं, जीप!"

"वॅगन!" सिक्स्टेन ओरडले. "उंच म्हटलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल! वॅगन सांग, आणि मला बाहेर काढ!"

"काय? दोन गाड्या आहेत का आत?"

हेनिंग रडायच्या बेतात होता. चुकीचं सांगितलं आणि ब्रश आणखी खाली आला, तर? "मधली आहे हो!" तो ओरडला. "दोन्हींच्या मधली! तूवा, सासरेबुवा, मी तुम्हा दोघांशी खोटं बोललो..."

"ते नंतर!" बापलेक एका सुरात ओरडले.

"मधलं काही नसतं आमच्याकडे," आवाज म्हणाला आणि बंद पडला.

मग खटका वाजला. दिवे आले. ब्रश आपसूक वर गेला आणि काच जशीच्या तशी होती. पुढचं दार हळूहळू वर सरकलं. तिथं जाड टोपी घातलेली मुलगी हातात फावडं घेऊन उभी होती.

"दाराखाली बर्फ गोठला की मशीन थांबतं. थंडीत हे रोजचंच आहे."

"मग गाडी कोणती ते कशाला विचारलंस गं?" तूवानं विचारलं.

"पैसे परत द्यायला. दोन्हींचा दर वेगळा असतो ना. मग कुठले देऊ?"

तूवा सीटचा पट्टा उगाच घट्ट करू लागली. सिक्स्टेननी जावयाची कॉलर सोडली, हातानं नीट केली आणि म्हणाले, "राहू दे, पोरी. चल रे."

पुढच्या वाटेत सिक्स्टेननी एकदा घसा खाकरला. "शिकारीला गाडी कुठलीही चालते. पण ते 'दार उघडा'... टोळीत कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलत."

तूवा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शाळेपासून दोन गल्ल्या अलीकडे उभी करशील ना?"

"करीन."

आत्या पायरीवरच उभी होती. तिनं चष्मा सावरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान वाकडी करून विचारलं, "अगबाई, नवी वाटतं! कुठली म्हणायची ही?"

तिघंही एकदम म्हणाले, "धुतलेली!"