ऑर्विल लिंडक्विस्टची दोनशेवी सुटका

अंतराळात अडकलेला एकही माणूस ऑर्विल लिंडक्विस्टने आजवर मरू दिला नव्हता. एकशे नव्याण्णव जणांना त्याने वाचवलं होतं, आणि तेही अमेरिकेतल्या डुलुथ गावी आपल्या घराच्या तळघरात, जुन्या आरामखुर्चीत बसून. डोळ्यांवर हेडसेट, कानांशी त्याचेच छोटे स्पीकर, उजव्या हातात यानाचा दांडा. या संगणकी खेळात कुणा खेळाडूच्या यानाचं इंधन संपलं की तो खेळाडू मदतीची हाक देई आणि ऑर्विलच्या मंडळातलं कुणीतरी इंधन घेऊन धावे. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवली, पण साहेबाने कधी शाबास म्हटलं नाही. इथे लोक त्याला कॅप्टन म्हणत!

या खेळाचे फायदे तो बायकोला, मार्लीसला, येता-जाता ऐकवायचा. गुडघा दुखत नाही. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाऊन मित्रांबरोबर ढोसणं सुटलं. आणि मुख्य म्हणजे नवरा दिवसभर घरात! "तोटा एक तरी दाखव," असं तो एकदा छाती फुगवून म्हणाला.

"तू घरात आहेस असं लोकांना वाटतं, हा," मार्लीस म्हणाली.

खरं भांडण मागच्या दारावरून होतं. नोव्हेंबरपासून त्याचा खटका बिघडला होता. दार ओढलं गेलं की आपोआप बंद, आणि मग बाहेरून काही केल्या उघडायचं नाही. रविवारी करतो, रविवारी करतो म्हणत ऑर्विलने चौदा रविवार घालवले. शेवटी मार्लीसने शांतपणे सांगितलं, की या रविवारी झालं नाही तर ती फार्गोला बहिणीकडे जाईल, आणि परतीचं काही ठरवून जाणार नाही. चौतीस वर्षांत तिने उगाच धमकी कधी दिली नव्हती, त्यामुळे ऑर्विल हादरला. रविवारी जेवण होताच तो स्क्रूड्रायव्हर घेऊन उठला.

तेवढ्यात हाक आली. टास्मानियातल्या कुणा पोराचं यान एका मेलेल्या ताऱ्यापाशी अडकलं होतं. दोनशेवी सुटका! अर्ध्या तासाचं तर काम, खटका कुठे पळून जातोय? स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवून ऑर्विलने हेडसेट चढवला.

वर मार्लीस मक्याचे गोठवलेले दाणे आणायला अंगणापलीकडच्या गॅरेजमध्ये गेली. अंगात घरातला स्वेटर, पायात सपाता, बाहेर शून्याच्या खाली बारा. वाऱ्याने दार आपटलं आणि खटका बसला. फोन स्वयंपाकघरातच राहिला होता. पुढच्या दाराची जादा किल्ली असलेली शेजारीण हेझल चर्चमधून परतली नव्हती. मार्लीसने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"ऐकलंत का?" ऑर्विल आपल्या साथीदारांना म्हणाला, "उल्का आदळतायत. काय आवाज दिलाय लेकांनी, अगदी दारावर कुणीतरी ठोठावतंय असं वाटतं." आणि त्याने यानाची ढाल वाढवली.

मार्लीस बर्फातून घराला वळसा घालून तळघराच्या खिडकीशी आली. खिडकी वीतभर उंचीची, आत शिरणं अशक्य. आत नवरा तिला सरळ दिसत होता. तिने काच वाजवली, हाका मारल्या, आणि शेवटी बर्फ काढायच्या फावड्याने काच फोडली. गार वारा थेट ऑर्विलच्या मानेवर गेला.

"थंडीसुद्धा जाणवते!" तो हरखून म्हणाला. "खरं अंतराळ म्हणतात ते हेच."

"ऑर्विल!" मार्लीस ओरडली.

"ऐकतोय," कॅप्टन म्हणाला. "पण एका वेळी एकच. रांगेत थांबा."

मार्लीसने त्यानंतर एकही हाक मारली नाही. वीस मिनिटांनी हेझलची गाडी आली तेव्हा ती पायरीवर बसली होती. हातातले मक्याचे दाणे अजून जसेच्या तसे गोठलेले होते.

दोनशेवी सुटका फत्ते करून ऑर्विल फुलून, मागे वळूनही न बघता वर आला. मार्लीस दोन ब्लँकेटं गुंडाळून गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. त्याने सगळं सांगितलं. आठ मिनिटं उरली होती, पोरगा गारठून मेला असता, मी पोचलो. त्या पोराचं नाव काय, असं तिने विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. मग तिने पाय पुसत खिडकीचं सांगितलं, आणि तो काय काय बोलला तेही.

ऑर्विलचा चेहरा पडला. माफी मागायच्या ऐवजी त्याने हेडसेटचं रिकामं खोकं फाडलं, चिकटपट्टी घेतली आणि निदान खिडकी तरी बुजवावी म्हणून तसाच मोज्यांवर बाहेर धावला. मागे दार आपटलं.

त्याने बडवलं. कुणी आलं नाही. हेझल आपल्या खिडकीत दिसली, तिने पडदा ओढून घेतला. तो धडपडत तळघराच्या खिडकीशी गेला आणि गुडघ्यांवर बसला.

आत त्याच्या खुर्चीत मार्लीस बसली होती, डोळ्यांवर हेडसेट चढवून. हेडसेटचा हिरवा दिवा बंद होता. पायाशी फार्गोची बॅग भरून ठेवली होती.

"मार्लीस, अगं मी आहे," तो म्हणाला. "दार उघड. खटका आत्ता करतो, शपथ."

तिने मान वळवली नाही.

"काय आवाज आहे," ती म्हणाली. "अगदी नवरा घरी आल्यासारखा."

ऑर्विलने चिकटपट्टी खाली ठेवली. खटका दुरुस्त होतो तो आतल्या बाजूने, आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या मांडीवर होता.