सुब्बलक्ष्मीच्या नावाचे बिल्ले

कुंभकोणमच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाची रक्ततपासणी सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि सगळ्या गावातून सात माणसं आली होती. त्यांतला एक दात काढायला आला होता. मार्चअखेर शंभर नमुने झाले नाहीत तर खोली बंद करून तिथे चादरी ठेवायच्या, असं वरून पत्र आलं होतं.

हनुमंतराव त्या खोलीचे प्रचारक; पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातले, म्हणून गाव त्यांना 'रायर' म्हणायचं. बसच्या तळावर, तळ्याच्या पायऱ्यांवर, स्वामीमलैच्या मूर्तिकारांत ते एकच सांगत फिरायचे: रोग आहे, सुई आहे, बरा होतो, लाजू नका. लोक ऐकून घ्यायचे आणि घरी जायचे. मग हनुमंतरावही घरी जायचे. तिथे ऐकून घ्यायला कोणी नव्हतं. बायको, सुब्बलक्ष्मी, जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात मराठी बोललीच गेली नव्हती.

"नाव पुकारतो म्हणून कोणी येत नाही," डॉक्टर शिवकामी म्हणाल्या. "ह्यापुढे नाव नाही, फक्त नंबर. पडद्याला भोक पाडू, माणसानं नुसता हात आत घालायचा. आठवड्यानं नंबर परत देऊन निकाल न्यायचा."

"नंबर कागदावर नको," हनुमंतराव म्हणाले. "कागद सदऱ्यात राहतो, सदरा धोब्याकडे जातो आणि धोबी वाचतो."

पितळेचे बिल्ले करायचं ठरलं. पितळ हनुमंतरावांनी दिलं. घरात बारा माणसांच्या भाताचा हंडा होता आणि जेवणारा एक. त्यांनी तो जानकीराम भांडेवाल्याच्या दुकानात ठेवला आणि साठ गोल कापून वर आकडे कोरायला सांगितले.

मंगळवारी, तपासणीच्या दिवशी, सकाळीच पिशवी आली. प्रत्येक बिल्ल्यावर आकडा होता आणि आकड्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं: सुब्बलक्ष्मी.

हनुमंतराव तसेच दुकानात गेले.

"हंड्यावर नाव होतं, रायर," जानकीराम म्हणाला. "हंड्याचे साठ तुकडे झाले. नाव एकावरच ठेवू? बाकीच्यांनी काय केलं?"

"अरे, पण हे कशासाठी आहेत ठाऊक आहे का तुला?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. नाव घासून काढायचं म्हणाल तर दुसरं दुकान बघा. गेलेल्या बाईचं नाव मी भांड्यावरून काढत नाही."

ते परत आले तर दवाखान्याच्या दारात नऊ माणसं उभी होती; नाव पुकारणार नाहीत हे गावात पोचलं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. त्यांना परत पाठवणं शक्य नव्हतं. हनुमंतरावांनी बायकोची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि बिल्ले वाटले. सहा नंबर सुंदरेशला गेला. तो दोन घरं सोडून राहणारा, त्यांच्याच मराठी लोकांतला. त्यानं हनुमंतरावांकडे पाहिलं नाही आणि हनुमंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नियमच तसा होता.

शनिवारी सुंदरेशची बायको विशालाक्षी हनुमंतरावांच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. सातवा महिना होता. तिनं मूठ उघडली.

"मामा, हे ह्यांच्या सदऱ्यात सापडलं. मामींचं नाव ह्यांच्या खिशांत कां?"

गावात नाव कोरलेली वस्तू सापडली की नावाच्या घरी पोचवतात. हनुमंतरावांच्या हे आत्ता लक्षात आलं. खरं सांगितलं असतं तर एका माणसाचं गुपित फुटलं असतं, आणि एकाचं फुटलं म्हणजे मंगळवारी दारात कोणी दिसलं नसतं.

"त्याचं असं," ते म्हणाले, "सुब्बलक्ष्मीच्या नावे मी कॉफी देतो. रविवारी, संध्याकाळी. ज्याच्याकडे बिल्ला त्याला कॉफी."

"कधीपासून?"

"उद्यापासून."

विशालाक्षीनं मूठ मिटली. "बरं तर. ह्यांना धाडते." बिल्ला घेऊन ती गेली, आणि गेली ती सरळ घरी गेली नाही; दारोदार कॉफीची बातमी देत गेली.

रविवारी नऊच्या नऊ माणसं ओट्यावर येऊन बसली. सगळ्यांच्याच बायकांना बिल्ले सापडले होते. आपण इथे कां आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं, शेजारचा कां आहे हेही माहीत होतं, म्हणून सगळे समोरच्या भिंतीकडे बघत कॉफी पीत होते.

"डिकाशन झकास झालंय," सुंदरेश अखेर भिंतीला म्हणाला.

"मामींच्याच हातची चव ही," भिंतीकडे बघतच दुसरा कोणी म्हणाला. मग ते पिकाविषयी बोलले, पापनाशमच्या गाडीविषयी बोलले. दिवेलागणीपर्यंत कोणी उठलं नाही. त्या दिवशी हनुमंतरावांनी नऊ पेले धुतले, सावकाश.

पुढच्या रविवारी रस्त्यावरचे लोक विचारू लागले, "रायर, हा बिल्ला मिळतो कुठे?"

हनुमंतरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. "दवाखान्यात," ते म्हणाले. "मंगळवारी. जरासं रक्त द्यावं लागतं."

एका पेल्याला थोडं रक्त, हे लोकांना फार वाटलं नाही. तिसऱ्या मंगळवारी रांग फाटकाबाहेर गेली.

"रायर," डॉक्टर म्हणाल्या, "हा हत्ती गोंदलेला हात तिसऱ्यांदा आत आलाय. काही नाही त्याला, दोनदा सांगितलं."

"सावध माणूस असेल."

"पण इतरांत पाच सापडले, त्यांच्या सुया सुरू केल्या. शंभर झाले आपले. चादरींना दुसरी जागा शोधू दे त्यांना."

त्या शुक्रवारी दुपारी विशालाक्षी आली, पायरीवर बसली आणि बिल्ला ओट्यावर ठेवला. बावन्न.

"मामा, मला कॉफी."

हनुमंतरावांनी बिल्ला उचलून आकडा पुन्हा वाचला.

"शुक्रवारी डॉक्टरीणबाई पोटुशींचं रक्त घेतात. एकेचाळीसपासून पुढचे बिल्ले आम्हां बायकांचे. तुम्हांस ठाऊक नाही?"

"नाही. पहिल्यांदा कधी गेलीस?"

"त्या शनिवारच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मला विचारायला आलीस तेव्हा..."

"माझा कनवटीस होता. ह्यांचा हातांत होता. तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं." तिनं पेला घेतला. "ह्यांनी मला सांगितलं नाही, मी ह्यांना सांगितलं नाही. दोघांचं रक्त चांगलं आहे. रविवारी हे मात्र तुमच्याकडचं सगळं घरी येऊन सांगतात. तुमचा नंबर किती, मामा?"

"माझा नाही."

"गावाला सांगत फिरता, लाजू नका. आणि तुमचा नाही?"

मंगळवारी सगळे गेल्यावर बिल्ल्यांच्या पेटीत एकच उरला होता, चाळीस. तो घेऊन त्यांनी पडद्याच्या भोकातून हात आत घातला. पलीकडून कोणी काही विचारलं नाही. बिल्ला खिशात टाकून ते घरी गेले. रविवारी कॉफी देताना तो खिशात होता. जेवताना त्यांनी तो ताटाशेजारी ठेवला आणि भात जरा चिकट झाला, असं त्याला मराठीत सांगितलं.

पुढच्या मंगळवारी निकालांचे लखोटे वाटून झाले. एक उरला.

"चाळीस नंबरवाला आला नाही," डॉक्टर वहीतून वर न बघता म्हणाल्या. "निकाल चांगला आहे, घाबरायचं काही नाही. पण बिल्ला परत द्यायला हवा. शोधा त्याला, रायर. तुमचंच काम ते."

"शोधतो," हनुमंतराव म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बाहेर पडले.