मिसरुडाचा कायदा

ऐका हो ऐका! तमाम शहापूरकरांस कळविण्यात येते की, ज्याला मिसरूड फुटलेले नाही अशा कोणत्याही मुलाने आजपासून खांद्याच्या वर हात नेऊन चेंडू टाकू नये हो!

ही दवंडी मी माझ्या कानांनी ऐकली आहे. बाजाराचा दिवस होता, लढाईचे दिवस होते, आणि ढोल वाजला की लोक आधी पळायची वाट बघायचे. एक तर देवीची लस टोचायला माणसे यायची, नाहीतर तांदूळ ताब्यात घ्यायला. पुढचे शब्द ऐकायलाही न थांबता अर्धा बाजार मोकळा झाला. एका म्हातारीने कोंबड्या पाटीखाली झाकल्या आणि स्वतः पाटीवर बसली.

दवंडी पिटवणारे सद्गृहस्थ म्हणजे माझ्या कापडाच्या दुकानासमोरचे हिरड्याचे व्यापारी, अण्णा. मामलेदारांनी त्यांना बोलावून घेतले आणि सरकारच्या परवानगीवाचून दवंडी कशी दिली असे विचारले. अण्णा म्हणाले, पोरांचे खांदे निखळायला लागतात तेव्हा सरकार कुठे असते? मामलेदारांना यावर कलम सापडेना. त्यांनी चहा मागवला.

अण्णांना मूलबाळ नव्हते आणि बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. स्वतः ते कधी क्रिकेट खेळले होते का, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. पण शाळा सुटली की गावची पोरे त्यांच्या पडवीत जमत, आणि तिथून वरात निघे ती भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात. तिथे अण्णांचे राज्य होते, आणि राज्यात एकच कायदा. चेंडू टाकायचा तो हात खालून आणून, गोफणीसारखा. वरून टाकायचा मान मिसरूड फुटल्यावर. कोणी वाद घातला की अण्णा बोट वर करून म्हणायचे, "कोवळ्या फांदीला झोका बांधायचा नाय."

शिकवण्याची रीतही त्यांचीच. दांड्यांच्या पुढे ते एक गोवरी ठेवायचे. चेंडू गोवरीवर पडला तर मुठीत गूळ आणि शेंगदाणे, नाही पडला तर पुन्हा टाक. गावातल्या बायकांच्या गोवऱ्या भिंतीवरून नाहीशा होऊ लागल्या तेव्हा चोर शोधायला फार लांब जावे लागले नाही.

आणि पोरगा रंगात आला, दांड्या उडवू लागला, की नेमके तेव्हाच अण्णा खाचराच्या बांधावरून ओरडायचे, "आता हात निजव!" म्हणजे बोलिंग बंद. मग त्या पोराला आंब्याखाली बसवायचे, हात घोंगडीत गुंडाळायचा, आणि अण्णा कोमट करंजेल चोळत बसायचे. मी एकदा डोकावलो तर तोंडावर बोट ठेवून मला म्हणाले, हळू बोला, आत्ता कुठे निजलाय. पोरगा टक्क जागा होता. निजला होता तो हात.

मिसरुडाची परीक्षा सखाराम न्हावी घ्यायचा. उमेदवाराला उन्हात उभे करून, हनुवटी धरून तो ओठ असा न्याहाळायचा की जणू सोने पारखतोय. एकाने काजळ लावून पाहिले. सखारामने अंगठा ओला करून फिरवला आणि निकाल दिला, "याची मिशी माझ्या बोटाला आली."

हे सारे हसण्यावारी चालले होते, पण पोरांना हसू येत नव्हते. दर वर्षी म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत आमची मुरबाडच्या पोरांशी मॅच व्हायची, आणि दर वर्षी मुरबाडकर आम्हाला लोळवायचे. शिवाय आमचा हात खालून आलेला पाहून ओरडायचे, "फुगडी घाला रे, फुगडी!" त्या वर्षी आमच्या कप्तानाने अण्णांना पडवीतच सांगून टाकले, की या खेपेला हरलो तर आमी आमचे खेळू, वरून हात टाकू, आणि तुमच्याकडे येणार नाय. अण्णा म्हणाले, बरे. तेवढेच म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी गुळाचे खडे जरा मोठे फोडले.

त्यांची सारी भिस्त किसनवर होती. हा खर्डीच्या वाटेवरच्या एका वाडीतला शेतकऱ्याचा पोरगा. अंगाने काडी, ओठ लोण्यासारखा साफ. पण त्याचा खालून आलेला चेंडू जमिनीला असा चाटून जायचा की बॅट खाली येईतो दांडी आडवी झालेली असायची.

म्हशाला पोचलो आणि मुरबाडची टीम पाहून मी चाटच पडलो. आमची दवंडी तिथवर गेली होती, आणि त्यांनी ती सरकारी हुकूम समजून मनावर घेतली होती. नको ती भानगड म्हणून बोलिंगला त्यांनी चांगले भरघोस मिश्यांचे गडी आणले होते. त्यातल्या एकाची दोन पोरे बांधावर बसून बापाला हाका मारत होती. आमची पोरे खवळली. मी अंपायर होतो, कारण गावात पांढरा कोट माझ्याकडेच होता. मी अण्णांकडे पाहिले. ते गंभीरपणे म्हणाले, माझ्या कायद्याने वरून टाकायचा हक्क त्यांनाच आहे. मी काय बोलू?

मिश्यांनी आमच्या दांड्या उडवल्या, तरी आमच्या थोड्याफार धावा झाल्या. मग किसनने चेंडू हातात घेतला, आणि फुगडीच्या आरोळ्या एकेक करून बंद पडल्या. गडी यायचा, वाकून पाहायचा, परत जायचा. जत्रेतले बैलांचे दलाल सौदा सोडून बघायला आले. शेवटची जोडी उरली. मुरबाडला हव्या होत्या मोजक्या धावा, आम्हाला हवा होता एक गडी, आणि समोर होता तो दोन पोरांचा बाप.

मध्ये कोणीतरी पाण्याचा तांब्या आणला. किसन पाणी प्यायला. मी काहीच पाहिले नाही, कोणीच काही पाहिले नाही. अण्णा मात्र बांधावरून उठून सरळ खाचरात आले. किसनने तांब्या डाव्या हाताने घेतला होता.

"हात निजव."

"अण्णा, येकच तर रायलाय," किसन म्हणाला. "दुखत नाय मला."

पोरांनी अण्णांभोवती कोंडाळे केले. कप्तानाचा आवाज चिरकला होता. "त्याला काढलात तं आमी गेलो समजा, अण्णा. सगळे."

अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. ही सगळी तोंडे त्यांनी रोज गुळाने भरली होती. मग ते खाली बसले, आणि किसनच्या हाताभोवती घोंगडी गुंडाळू लागले. मीही हळूच म्हणालो, एकाच चेंडूचा प्रश्न आहे. त्यांनी घोंगडीला गाठ मारली.

चेंडू दुसऱ्याकडे गेला. दोन पोरांच्या बापाने तो बैलांच्या बाजारात भिरकावला. पुढचाही तिकडेच गेला. एक बैल दावे तोडून पळाला आणि मॅच संपली.

परत येताना अण्णांची हिरड्याची लॉरी होती. पेट्रोल मिळत नव्हते म्हणून ती कोळशाच्या धुरावर चालायची, आणि चढ आला की सगळ्यांना उतरून ढकलावी लागायची. जाताना पोरांनी ती गाणी म्हणत ढकलली होती. येताना मुकाट्याने ढकलली. किसन उतरू लागला की अण्णा त्याला बसवायचे, आणि स्वतः उतरून खांदा लावायचे. त्यांच्या शेजारची जागा पोरे सोडून देत होती.

शहापूरच्या बाजारात सगळे उतरले. बॅट, दांड्या, सगळे सामान कप्तानाने खांद्यावर घेतले. अण्णा म्हणाले, उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल, दमला असाल. धुळीतून पोरांची पाठमोरी रांग पेठेत शिरली, आणि अण्णा ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

किसनला पोचवायचे होते म्हणून मीही बसून राहिलो. वाडीवर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. पोरगा अण्णांच्या अंगावर रेलून गाढ झोपला होता, आणि त्याचा गुंडाळलेला हात अण्णांनी दोन्ही हातांत धरला होता. किसनचा बाप कंदील घेऊन आला. मी त्याला हरल्याचे सांगितले.

"हरले तं हरले," तो म्हणाला. "जेवलाय ना? द्या शेट, उचलतो त्याला."

त्याने कंदील खाली ठेवून हात पुढे केले. अण्णांनी किसनला दिले नाही. बाप थांबला. मला वाटले, बहुतेक हाताला काय लावायचे ते सांगणार असतील. उभ्या आयुष्यात मी या माणसाला हुकूम सोडून दुसरे काही बोलताना ऐकले नव्हते.

"आजची रात माझ्याकडं राहू द्या याला," अण्णा एकदम बोलून गेले. "घर लई मोठं पडतं हो."