शरदकाकांचा बाक

तुमच्याकडे जेवायला आलेल्या माणसानं बेल न वाजवता आधी घराभोवती पूर्ण फेरी मारली, तर तुम्ही त्याला पान वाढाल का? सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातली आम्ही मराठी मंडळी वाढायचो, कारण तो माणूस म्हणजे शरदकाका. फेरी संपवून ते दारात उभे राहत आणि यजमानाला सांगत, "पुढून साहेब, मागून गबाळा. तुझं घर दुतोंडी आहे रे." मग पोटभर जेवत.

काका सरकारी ऑफिसात इमारतींचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. सिडनीतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन आर्किटेक्टचं फाटकं चरित्र सापडलं आणि माणूस कामातून गेला. हा आर्किटेक्ट मूळचा सुतार. नकाशांची गुंडाळी काखेत मारून गावोगाव फिरायचा आणि चौकाच्या मधोमध कोर्ट बांधायचा, चारी बाजूंना सारखी दारं. "चौकातल्या कोर्टाला मागची बाजू नसते," हे काकांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी केकला लावलं, माझ्या हेअरकटलाही लावलं. त्या आर्किटेक्टला ते 'आमचा सुतार' म्हणत, जणू तो पलीकडच्या गल्लीत राहतो. काकू म्हणायच्या, "अहो, त्याला एकदा जेवायला तरी बोलवा, म्हणजे चार शब्द सुनावता येतील."

माझं काकांशी पटत नसे. मी युनिव्हर्सिटीत होते, दर आठवड्याला कशाच्या ना कशाच्या विरोधात पत्रक छापत होते. आणि हे साहेबाला दिवसातून दहा वेळा "नो वरीज" म्हणत. मी एकदा तोंडावर म्हटलं, "काका, तुम्हाला कणा नाही."

"आहे गं. टेबलावर वाकून वाकून दुखतो."

मग एकोणऐंशी साली त्यांच्या टेबलावर कोर्टाचा नकाशा आला. नोकरीतलं पहिलंच कोर्ट, एका उपनगरातलं, लहानसं. काकांनी त्यात पॅसेजमध्ये भिंतीलगत एक लांब बाक दाखवला. साहेबानं तो रद्द केला. "मेट, हे कोर्ट आहे, पिकनिक नाही. बसायला मिळालं की लोक रेंगाळतात."

काका "नो वरीज" म्हणाले आणि सुधारलेल्या नकाशात बाक पुन्हा रेखाटला. साहेबानं ब्लेडनं शाई खरवडली. काकांनी तिसऱ्यांदा रेखाटला. शेवटी ट्रेसिंग पेपरला त्या जागी भोक पडलं. मग दुसऱ्याच कोणाकडून नकाशा करून घेतला गेला, आणि 'तपासला'च्या चौकटीत सही करायला काकांनी साफ नकार दिला. तोंडावर आलेली बढती गेली. काकांना कार पार्कच्या रेषा मारायला बसवलं.

मी पेटून पत्रक लिहून नेलं. काकांनी लाल पेन्सिल उचलली. "पोरी, यात बारा उद्गारचिन्हं आहेत. बाक कुठंय?"

"मग तुम्हीच सांगा, एका बाकासाठी एवढं का?"

ते पेन्सिलीला टोक काढू लागले. "आमच्या घराशेजारच्या बोळाची केस होती, साताऱ्याला. नऊ वर्षं. बाबा प्रत्येक तारखेला जायचे. वकिलांना खुर्च्या, बाकीच्यांनी उभं राहायचं. घरी यायचे ते सुजलेल्या पायांनी, चपला पिशवीत. जिंकले, बरं का. निकाल मिळाला. बसायला नाही मिळालं."

मी पत्रकाची घडी घातली.

"आमच्या सुतारानं प्रत्येक कोर्टात बाक दिला. एका गावानं नको म्हटलं, तर स्वतः रंधा मारून करून दिला. चरित्रात त्यावर दोनच ओळी आहेत. दुकानात उभ्या उभ्या वाचल्या नि पुस्तक घेतलं."

ते पत्रक मी पुन्हा लिहिलं, फक्त बाकाबद्दल. उपयोग झाला नाही. कोर्ट बाकाविनाच उघडलं.

पहिल्याच सोमवारी काकांनी रजा टाकली. मी पोचले तेव्हा ते गाडीच्या डिकीतून घडीच्या खुर्च्या काढून कोर्टाच्या दारापाशी मांडत होते. काळ्या कपड्यांतल्या एका म्हाताऱ्या ग्रीक बाईला ते म्हणत होते, "सिट, सिट. युवर टर्न विल कम." ती बसली. काका तिची पिशवी धरून शेजारी उभे राहिले, तिचं नाव पुकारेपर्यंत. पुढच्या सोमवारीही गेले. त्याच्या पुढच्याही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. या आठवड्यात आपल्या गावच्या कोर्टात जाऊन या. तारखेला आलेली माणसं कुठे थांबतात ते बघा. उभी असतील, तर बाकासाठी अर्ज द्या. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत घरातली एक खुर्ची तिथे नेऊन ठेवा.